डोकं न उघडता आत डोकावणारे हाउन्सफील्ड

आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या कपाटात रेशनकार्ड आणि लाइट बिलांच्या फाइलीशेजारी एक मोठं पाकीट असतं. सासूबाईंच्या नाहीतर सासऱ्यांच्या सी.टी. स्कॅनचं. आतली काळी फिल्म आपण खिडकीपाशी उजेडात धरतो, काहीएक कळत नाही, आणि परत पाकिटात घालून ठेवतो. सोबतच्या रिपोर्टात मात्र कधी कधी एखाद्या आकड्यापुढे एच.यू. अशी दोन अक्षरं छापलेली असतात. हे औषधाचं नाव नाही की आजाराचं नाही. ते एका माणसाचं नाव आहे. एच.यू. म्हणजे हाउन्सफील्ड युनिट.

आज मला या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्याविषयी लिहायचं आहे. ते डॉक्टर नव्हते. पीएच.डी. नव्हती, धड विद्यापीठाची पदवीसुद्धा नव्हती. पण माणसाच्या कवटीला सुरी न लावता आतली गाठ दाखवणारं यंत्र त्यांनी केलं. हल्ली कॉम्प्युटरच स्कॅन बघून इथं गाठ वाटते, इथं रक्त साकळलंय असं डॉक्टरांना दाखवतो, असं आपण वाचतो ना, त्या गोष्टीची सुरुवातही एका अर्थी याच माणसापाशी आहे. ते कसं, ते पुढे येईलच.

त्यांच्या आधी काय परिस्थिती होती ते आधी सांगते, म्हणजे त्यांचं मोल कळेल. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. त्यामुळे मोडलेलं हाड दिसू लागलं. पण मेंदू? तो हाडाच्या पेटीत बंद. एक्स-रे म्हणजे शेवटी सावलीच. कंदिलासमोर आईनं मुलाला कडेवर घेतलं, की भिंतीवर दोघांची मिळून एकच सावली पडते ना, तसं कवटीच्या सावलीत मेंदू हरवून जायचा. मग डॉक्टर एक भयंकर तपासणी करायचे. पाठीच्या कण्यात सुई घालून आतलं थोडं पाणी काढायचं आणि त्या जागी हवा सोडायची. ती हवा मेंदूतल्या पोकळ्यांत चढली की एक्स-रे काढायचा. पोकळी एका बाजूला सरकलेली दिसली तर समजायचं, दुसऱ्या बाजूनं काहीतरी ढकलतंय. असह्य डोकेदुखी, उलट्या, आणि हे पुढे कित्येक दिवस. एवढं सोसूनही गाठ दिसायची नाहीच, नुसता अंदाज. काही वेळा तर कवटी उघडून बघण्यावाचून इलाज नसे. सततच्या डोकेदुखीनं हैराण झालेल्या बाईला तेव्हा दोनच वाटा होत्या. हे सगळं सोसायचं, नाहीतर दुखणं अंगावर काढायचं.

गॉडफ्रेचा जन्म २८ ऑगस्ट १९१९चा, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायरमध्ये नेवार्क गावाजवळचा. वडिलांची शेती. पाच भावंडांत हा शेंडेफळ. आपल्याकडे शेंडेफळाचे लाड होतात, याच्या वाट्याला आलं ते एकटेपण. मोठी भावंडं आपापसात खेळायची, आणि याच्याकडून कुणाची काही अपेक्षा नसायची. त्याला ते बरंच वाटायचं! शेतावर मळणीयंत्र, पेंढ्या बांधायचं यंत्र, विजेचा जनरेटर असं काय काय होतं, आणि पोरगा दिवसभर त्यातच. गवताच्या गंजीवरून घरी केलेलं ग्लायडर घेऊन उडी मार, डांबराच्या पिंपात पाणी आणि ॲसिटिलीन वायू भरून ते किती उंच उडतं ते बघ, असले उद्योग. त्यात एकदा जिवावर बेतायचंच राहिलं. त्याच्या आईचं काय होत असेल, हे आपण आयाच जाणोत.

शाळेत भौतिकशास्त्र आणि गणित सोडलं तर कशातच रस नाही. अशा मुलांच्या आया शाळेच्या पालकसभेला कशा बसतात ते मी पाहिलंय. पुढं दुसरं महायुद्ध आलं, गॉडफ्रे हवाई दलात दाखल झाला आणि रडार शिकवू लागला. तिथल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं त्याचं काम हेरलं आणि युद्ध संपल्यावर शिक्षणासाठी अनुदान मिळवून दिलं. लंडनच्या फॅरडे हाऊस या कॉलेजातून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झाला. बस्स, औपचारिक शिक्षण एवढंच. तो अधिकारी भेटला नसता तर? अशा माणसांची नावं इतिहासात मागेच राहतात.

१९५१ साली हाउन्सफील्ड ई.एम.आय. कंपनीत लागले. ही तीच ग्रामोफोन रेकॉर्डवाली कंपनी. पुढे बीटल्स मंडळींची गाणी हिनंच काढली. पण कंपनीचा इलेक्ट्रॉनिक्सचाही मोठा पसारा होता. आधी रडारचं काम केल्यावर हाउन्सफील्ड कॉम्प्युटरकडे वळले आणि १९५८च्या सुमारास ट्रान्झिस्टरवर चालणारा एक मोठा कॉम्प्युटर त्यांच्या हाताखालच्या गटानं तयार केला. ब्रिटनमधल्या अगदी पहिल्यांपैकी तो होता. त्यानंतरचा प्रकल्प मात्र फसला. कॉम्प्युटरच्या स्मृतीचं काहीतरी नवं करायचं होतं, पण ते बाजारात चालणार नाही असं दिसलं आणि काम बंद पडलं. दुसरी एखादी कंपनी असती तर माणसाला घरी बसवलं असतं. इथं वरिष्ठांनी त्यांना सांगितलं, निवांत विचार करा आणि पुढे काय करण्यासारखं आहे ते तुम्हीच सुचवा.

आणि इथंच तो धागा आहे. हाउन्सफील्ड यांनी ज्या गोष्टी सुचवल्या त्यांतली एक होती, यंत्राला आकृती ओळखायला शिकवणं. म्हणजे कागदावरचं अक्षर बघून यंत्रानं ते ओळखायचं. १९६७ साली या विषयावर विचार करता करता त्यांना दुसरीच कल्पना सुचली. पायी भटकायची त्यांना फार आवड. अशाच एका भटकंतीत त्यांच्या मनात आलं म्हणे, की एखाद्या बंद खोक्यातून सगळ्या बाजूंनी किरण सोडले आणि किती आरपार गेले, किती अडले ते मोजलं, तर खोकं न उघडता आत काय आहे ते सांगता यायला हवं.

हे जरा घरगुती भाषेत सांगते. रविवारच्या पुरवणीत सुडोकू येतं ना, तसं धरा. रांगोळीचे ठिपके काढलेत, ८० रांगा, प्रत्येक रांगेत ८० ठिपके. प्रत्येक ठिपक्यापाशी एक आकडा आहे, पण तो झाकलेला. तुम्हाला फक्त बेरजा सांगितल्यात, आडव्या रांगेची, उभ्या रांगेची, तिरक्या, अजून तिरक्या, अशा हजारो. त्या बेरजांवरून प्रत्येक ठिपक्याचा आकडा काढायचा. हातानं करायला बसलो तर जन्म जाईल. कॉम्प्युटर मात्र करतो. आकडे मिळाले की जास्त आकड्याला पांढरा, कमी आकड्याला काळा, मधल्यांना राखाडी रंग भरायचा. झालं चित्र तयार! कोबीचा गड्डा मधोमध चिरल्यावर आतली वीण दिसते तसं, फक्त चिरायचं नाही.

एका नावाजलेल्या तज्ज्ञानं या माणसाला वेड्यातच काढलं, असं सांगतात. पण ब्रिटनच्या आरोग्य खात्यातल्या एका अधिकाऱ्यानं त्यांचं ऐकून घेतलं आणि जेम्स ॲम्ब्रोज नावाच्या क्ष-किरण तज्ज्ञाकडे पाठवलं. जाता जाता एक सांगायला हवं. बीटल्सच्या गाण्यांच्या पैशावर सी.टी. स्कॅन जन्माला आला, अशी एक छान गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पुढे हिशेब तपासणाऱ्यांना दिसलं की सरकारी आरोग्य खात्यानं कंपनीपेक्षा जास्त पैसे घातले होते. सरकारी खात्याची गोष्ट कोण चवीनं सांगणार?

पहिला प्रयोग जुन्या लेथ मशीनवर झाला. किरणांचा उगम इतका क्षीण, की एका छेदाच्या २८ हजार नोंदी घ्यायला नऊ दिवस लागले आणि कॉम्प्युटरला त्यांची आकडेमोड करायला अडीच तास. पुढे क्ष-किरणांची नळी लावली तेव्हा नऊ दिवसांचे नऊ तास झाले. मग ॲम्ब्रोज यांनी बरणीत जपून ठेवलेला मानवी मेंदू दिला. त्याचं चित्र इतकं सुरेख आलं की सगळे खूश. पण नंतर लक्षात आलं, मेंदू टिकवायला वापरलेल्या फॉर्मलिनमुळे फरक उगाच उठून दिसत होते. जिवंत माणसाच्या मेंदूत तसं दिसेलच असं नाही. मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथं. चांगलं चित्र हातात होतं, दाखवून टाळ्या घेता आल्या असत्या. त्यांनी खाटीकखान्यातून बैलाचे ताजे मेंदू आणले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसले. चित्र फिकं आलं, पण खरं आलं.

१ ऑक्टोबर १९७१. लंडनच्या विम्बल्डन भागातलं ॲटकिन्सन मॉर्लीज हॉस्पिटल. टेनिसचं ते विम्बल्डन आपल्याला ठाऊक असतं, हे मात्र कुणी सांगत नाही. यंत्राखाली पहिली पेशंट आडवी झाली ती एक ४१ वर्षांची बाई. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असावी असा डॉक्टरांना संशय. पाण्याच्या पेटीला लावलेल्या रबरी टोपीत तिचं डोकं बसवलं आणि यंत्र तिच्याभोवती एकेक अंशानं फिरू लागलं. एका खेपेला चार-पाच मिनिटं. सुई नाही, हवा नाही, उलट्या नाहीत. पण हॉस्पिटलात कॉम्प्युटर कुठला! नोंदींची टेप कंपनीत नेली, तिथं आकडेमोड झाली आणि चित्र परत आलं. त्यात मेंदूच्या पुढच्या भागात काळपट गोल डाग स्वच्छ दिसत होता. सर्जननं ऑपरेशन केलं तेव्हा गाठ चित्रात होती तशीच, तिथंच निघाली.

त्या बाईच्या मनात त्या दिवशी काय असेल? आजवर कुणावरही न वापरलेल्या यंत्रात तिनं डोकं दिलं. मला वाटतं, हाउन्सफील्डइतकीच ही गोष्ट तिचीही आहे.

एप्रिल १९७२ मध्ये लंडनमध्ये रेडिऑलॉजीच्या परिषदेत ही चित्रं दाखवली गेली आणि मग जगभरातून मागणी सुरू झाली. सुरुवातीला फक्त डोक्याचं स्कॅन व्हायचं, पुढे पूर्ण शरीराचं यंत्र आलं. त्याच्या चाचणीसाठी हाउन्सफील्ड स्वतःच आत आडवे झाले होते. १९७९ साली त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, ॲलन कॉर्मॅक यांच्याबरोबर विभागून. हे कॉर्मॅक मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी या बेरजांचं गणित १९६३-६४ मध्येच मांडून छापलं होतं, पण कुणी विचारलं नाही. विचारणा आली त्यात एक होती स्वित्झर्लंडच्या हिमकडे अभ्यासणाऱ्या संस्थेची, त्यांना बर्फाच्या आत बघायचं होतं! हाउन्सफील्ड यांना कॉर्मॅक यांचं काम ठाऊक नव्हतं. आणि वैद्यकशास्त्राचं नोबेल घेणारे हे दोघंही डॉक्टर नव्हते.

आता त्या एच.यू.कडे येऊ. हाउन्सफील्ड यांच्या मोजपट्टीत पाणी म्हणजे शून्य. हवा म्हणजे उणे १०००. घट्ट हाड अधिक १०००च्या आसपास. चरबी उणे १००च्या जवळ, ताजं साकळलेलं रक्त साधारण ५० ते ८०. आपल्या डोळ्याला राखाडी रंगाच्या मोजक्याच छटा वेगळ्या ओळखता येतात. आकड्यांचं तसं नाही. ४० आणि ६० यांतला फरक कॉम्प्युटरला स्वच्छ कळतो. म्हणजे सी.टी.चं चित्र हे मुळात चित्र नाहीच, तो आकड्यांचा तक्ता आहे. म्हणूनच पुढच्या पिढीला तो तक्ता कॉम्प्युटरकडूनच वाचून घ्यायची कल्पना सुचली. अक्षर ओळखणाऱ्या यंत्राचा विचार करणाऱ्या माणसाच्या हातून हे व्हावं, यात मला तरी योगायोग वाटत नाही.

कॉम्प्युटरला गाठ ओळखायला शिकवतात कसं? आपण लेकीला तांदूळ निवडायला शिकवतो तसंच. हा खडा, हा खडा, हा खडा नाही, नुसता काळा पडलेला तांदूळ. फक्त इथं हजारो-लाखो स्कॅन दाखवतात, डॉक्टरांनी वाचलेले. २०१८ मध्ये मुंबईतल्या एका कंपनीच्या संशोधकांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात असं काम प्रसिद्ध केलं. भारतातल्या केंद्रांवरचे डोक्याचे तीन लाखांहून जास्त स्कॅन त्यासाठी वापरले होते. मेंदूतला रक्तस्राव, कवटीची चीर असं काही असेल तर ते ओळखायचं, असं ते काम. रात्री दोन वाजता अपघाताचा पेशंट आला आणि स्कॅन वाचणारे तज्ज्ञ शंभर किलोमीटरवर असले, तर कुणाचा स्कॅन आधी बघायचा एवढं सांगितलं तरी जीव वाचतो. क्षयरोगासाठी छातीचे एक्स-रे असे कॉम्प्युटरकडून तपासायला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली मान्यता दिली, १५ वर्षं आणि त्यावरच्या लोकांसाठी.

स्तनांच्या मॅमोग्राफीत तर हे फार आधी आलं. अमेरिकेत अशा पहिल्या यंत्रणेला १९९८ मध्येच परवानगी मिळाली. पण ती चुकीच्या खुणाही पुष्कळ करायची. २००७ साली तिथल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की यामुळे बायकांना पुन्हा बोलावणं आणि तुकडा काढून तपासणं वाढलं, कर्करोग मात्र लक्षात येण्याइतके जास्त सापडले नाहीत. ज्या बाईला बोलावणं येतं तिच्या मधल्या रात्री कशा जात असतील, ते अभ्यासात मोजत नाहीत. नव्या पिढीची यंत्रणा बरीच सुधारली आहे. स्वीडनमध्ये ८० हजारांहून जास्त बायकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. कॉम्प्युटरची मदत घेतली तेव्हा हजारात सुमारे सहा कर्करोग सापडले, नेहमीच्या पद्धतीत सुमारे पाच. डॉक्टरांचं वाचायचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं. पण तिथंही निर्णय डॉक्टरांचाच होता.

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं असंच झालं. वर्षभर डोकं दुखत होतं. उपासानं असेल, उन्हानं असेल, असं करत बामच्या बाटल्या संपवल्या. शेवटी मीच त्यांना जिल्ह्याच्या गावी स्कॅनला घेऊन गेले. डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवला, तर मेंदूच्या चित्रात एका पांढऱ्या ठिपक्याभोवती कॉम्प्युटरनं रंगीत चौकट काढलेली. जाऊबाईंनी माझा हात असा घट्ट धरला की बांगड्या रुतल्या. डॉक्टरांनी त्या ठिपक्यावर माउस नेला, आकडा वाचला, आजूबाजूला सूज आहे का ते बघितलं आणि सांगितलं, हा कधी काळी झालेल्या एखाद्या लहानशा आजाराचा वण आहे, त्यात चुना साठलाय, तूर्त काळजीचं काही नाही. चौकट चुकली म्हणायची का? नाही. तिथं काहीतरी होतं, ते तिनं दाखवलं. ते काय आहे, हे मात्र त्यांनी ओळखलं. पुढे चष्म्याचा नंबर वाढलेला निघाला. आम्ही येताना स्टँडवर उसाचा रस प्यायलो.

आता यावरून ऊठसूट स्कॅन काढायचा असं नाही हं. डोक्याच्या एका सी.टी. स्कॅनमध्ये छातीच्या साधारण शंभर एक्स-रेंइतके किरण अंगात जातात. गरज असेल तेव्हा घाबरू नये, आणि गरज का आहे हे डॉक्टरांना विचारायला लाजू नये. दिवस गेलेले असतील किंवा तशी शंका असेल तर आधी सांगायचं.

राहिलं हाउन्सफील्ड यांचं पुढचं. १९८१ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. लग्न त्यांनी केलं नाही. कितीतरी वर्षं कायमचं असं घरही नव्हतं, साध्या भाड्याच्या जागेत राहायचे. डोंगरात चालायचं, आपलं आपण शिकलेलं पियानोवादन करायचं, एवढेच शौक. नोबेलच्या पैशातून त्यांनी राहत्या घराच्या दिवाणखान्यात एक छोटी प्रयोगशाळा थाटली. सोफा-टीव्हीच्या जागी तारा आणि मीटर! घरात बाई असती तर हे चाललं नसतं, असं आपल्यापैकी कुणी म्हणेल. मला वाटतं, गंजीवरून उड्या मारणाऱ्या पोराला सांभाळलेली त्यांची आई असती, तर तिनं नुसतं त्या पसाऱ्यातून वाट काढून चहाचा कप ठेवला असता.

ज्या कंपनीनं यंत्र काढलं तिला मात्र तो धंदा टिकवता आला नाही. मोठ्या परदेशी कंपन्या स्पर्धेत उतरल्या, आणि नोबेल मिळालं त्याच सुमारास ई.एम.आय. स्कॅनरच्या व्यवसायातून बाहेर पडत होती. हाउन्सफील्ड कामात राहिले, चुंबकाच्या जोरावर शरीराच्या आत बघणाऱ्या एम.आर.आय.वरही त्यांनी मेहनत घेतली. १२ ऑगस्ट २००४ रोजी, ८५वा वाढदिवस १६ दिवसांवर असताना, लंडनजवळ किंग्स्टन इथं त्यांचं निधन झालं.